नाव गावच्या यादीत, राहणं शहरात: तरुणांनी महापालिकेला सल्ला द्यायचा तो कसा

लातूरला क्लाससाठी आलेली निलंग्याची मुलगी दोन वर्षं शहराचा रस्ता, नळ, दिवा आणि बाग वापरते. तिच्या खोलीच्या भाड्यावर, मेसच्या डब्यावर, झेरॉक्स आणि रिक्षावर शहरातल्या कितीतरी घरांचा संसार चालतो. पण मतदार यादीत तिचं नाव असलंच तर ते निलंग्याच्या यादीत, आणि वयाची अठरा पूर्ण नसतील तर कुठेच नाही. ज्या गल्लीतून ती रात्री साडेनऊला क्लासहून परत येते, त्या गल्लीतला दिवा सहा महिने बंद राहिला तरी नगरसेवकाचं एक मतही कमी होत नाही.

हे एकट्या लातूरचं नाही. नांदेडला किनवट-माहूरची, हिंगोलीची लेकरं येतात. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठ, स्पर्धा परीक्षा आणि वाळूजच्या कंपन्यांसाठी मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून तरुण येतात. तरुणांसाठीच्या सोयींची ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांतले कितीतरी जण त्या शहराचे मतदारच नाहीत. म्हणून जगातल्या अनेक शहरांत रुळलेली युवा सल्लागार समितीची पद्धत आपल्याकडे नीट समजून घ्यायला हवी. मला तर वाटतं, तिची गरज मोठ्या महानगरांपेक्षा आपल्या या शिक्षणाच्या शहरांना जास्त आहे.

ही समिती म्हणजे शहरात राहणाऱ्या, साधारण पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींचा पालिकेने अधिकृतपणे नेमलेला गट. तरुणांशी संबंधित निर्णय घेण्याआधी पालिका या गटाचं म्हणणं मागवते आणि ते मान्य केलं की नाही, का नाही, हे लेखी कळवते. गट स्वतः निर्णय घेत नाही, पैसाही खर्च करत नाही. तो अधिकार निवडून आलेल्यांचाच राहतो. मग एवढ्याने काय साधतं, असं वाटेल. सगळं त्या लेखी उत्तरावर अवलंबून आहे. पण त्याआधी पालिकेच्या हातात नेमकं काय असतं ते पाहू. चुकीच्या दारात केलेली मागणी कितीही रास्त असली तरी तिथेच पडून राहते.

१९९२ साली झालेली ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. नगरपालिका आणि महापालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय तिच्यात आहेत. उद्यानं आणि खेळाची मैदानं त्यात आहेत. रस्त्यावरचे दिवे, बसथांबे, सार्वजनिक स्वच्छतागृहं आहेत. सांस्कृतिक आणि शैक्षणिक बाबींना चालना देणं हाही एक विषय आहे. तरुणांच्या रोजच्या जगण्यातलं बरंचसं इथेच येतं.

मात्र महाराष्ट्राच्या महापालिका अधिनियमाने, म्हणजे १९४९ च्या मूळ कायद्याने, पालिकेच्या कामांचे दोन भाग केले आहेत. कलम ६३ मधली कामं करावीच लागतात आणि कलम ६६ मधली पालिकेच्या मर्जीवर आहेत. रस्त्यावरचे दिवे पहिल्या भागात येतात. ग्रंथालयं, बागा, मैदानं दुसऱ्या भागात. म्हणून तिजोरीत खडखडाट झाला की कात्री आधी कुठे लागते, हे वेगळं सांगायला नको. मराठवाड्यातल्या पालिकांची तिजोरी मुळात भरलेली नसते. लातूर आणि परभणी २०११ मध्ये महापालिका झाल्या, जालना २०२३ मध्ये. घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीवर आणि राज्याच्या अनुदानावर दिवस काढणाऱ्या या संस्था आहेत. अशा ठिकाणी मर्जीवरच्या कामांसाठी सतत, वेळेवर, नीट मांडून बोलणारं कुणीतरी लागतं.

दुसरीकडे, कितीतरी गोष्टी पालिकेच्या नाहीतच. एमपीएससीचं वेळापत्रक, पोलीस भरती, समाजकल्याणचं वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि एसटीचा पास हे सगळं राज्याचं किंवा राज्याच्या महामंडळाचं. संभाजीनगरची शहर बस मात्र शहराचीच, स्मार्ट सिटी कंपनीने २०१९ मध्ये सुरू केलेली. त्यामुळे विद्यापीठाच्या फाटकाशी रात्रीची शेवटची शहर बस किती वाजता असावी हे शहराला सांगता येतं. कन्नडची मुक्कामी गाडी का बंद पडली, ते एसटीच्या विभाग नियंत्रकांना विचारायचं.

पालिकेत प्रशासन आयुक्त चालवतात, पैशाच्या प्रस्तावांना स्थायी समिती मंजुरी देते आणि सर्वसाधारण सभा धोरण व अंदाजपत्रक ठरवते. मध्ये काही वर्षं यातला लोकांनी निवडलेला भागच गायब होता. संभाजीनगरच्या नगरसेवकांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका होईपर्यंत तिथे प्रशासकांचा कारभार चालला. २०२० मध्ये अठरा पूर्ण केलेल्या मुलामुलींनी त्यांची उमेदीची वर्षं नगरसेवक नसलेल्या शहरात काढली.

कायद्यात नागरिकांसाठी काही दारं आधीपासून आहेत. राज्यघटनेच्या कलम २४३-एस प्रमाणे तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असायला हव्यात. महाराष्ट्रात या समितीवर त्या भागातल्या मान्यताप्राप्त सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात. पण अट अशी की तो सदस्य त्याच भागातला मतदार हवा. गावातल्या ग्रामसभेसारखी शहरात क्षेत्रसभा भरवण्याची तरतूदही कायद्यात आहे, पण तीही मतदारांची सभा आहे, आणि प्रत्यक्ष भरलेली क्षेत्रसभा पाहिलेला माणूस आपल्या शहरांत शोधावा लागेल. नगरसेवक व्हायला वय २१ पूर्ण लागतं आणि त्याच शहराच्या यादीत नाव लागतं. थोडक्यात, जे दार पाहावं त्याच्या चौकटीवर मतदार यादी लटकलेली आहे. निलंग्याच्या त्या मुलीसाठी यातलं एकही उघडत नाही. सल्लागार समितीचं मोल इथे आहे: तिच्यासाठी मतदार असण्याची अट घालायची काही गरज नाही. शहरात राहतो, शिकतो किंवा काम करतो, एवढं पुरे.

रस्त्यावर उतरून मागणी करायला मराठवाड्यातल्या तरुणाला शिकवावं लागत नाही. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थीच पुढे होते. १९९४ च्या विद्यापीठ नामविस्तारापर्यंतच्या लांब लढ्यात कितीतरी तरुणांनी आयुष्याची वर्षं घातली. ती परंपरा अभिमानाची आहे आणि तिची गरज संपलेली नाही. पण मोर्चा एक मोठी मागणी घेऊन जातो, तिला हो किंवा नाही म्हणता येतं. शहरातल्या सोयी मात्र शंभर बारीक निर्णयांनी घडतात. फाटक किती वाजता उघडायचं, किल्ली कुणाकडे, दिवा कुठल्या खांबावर, बसथांब्याला शेड कुठल्या बाजूने. या गोष्टींसाठी मोर्चा निघत नाही आणि निवेदन दिलं तर त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का बसतो, फोटो निघतो, पुढे काही होत नाही.

बाहेरच्या शहरांनी यावर काय केलं? अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात १९९५ साली लोकांनी मतदान करून शहराच्या मूळ सनदेतच युवा आयोगाची तरतूद केली. १२ ते २३ वयाचे १७ सदस्य. शहराच्या ११ लोकप्रतिनिधींपैकी प्रत्येक जण एक सदस्य नेमतो, उरलेले महापौर नेमतात आणि त्यातल्या पाच जागा ज्यांचा आवाज सहसा पोचत नाही अशा समाजगटांतून भरायच्या असतात. मुलांशी आणि तरुणांशी मुख्यतः संबंधित प्रस्ताव आला की शहराच्या सभागृहाने तो आधी या आयोगाकडे पाठवायचा. आयोगाचं उत्तर येईपर्यंत किंवा १२ दिवस उलटेपर्यंत अंतिम निर्णय घ्यायचा नाही. आयोगाला नकाराधिकार नाही, पण प्रस्ताव त्यांना न दाखवता रेटून नेता येत नाही. फिनलंडने २०१५ च्या स्थानिक शासन कायद्यात प्रत्येक नगरपालिकेला युवा परिषद किंवा तसा गट बंधनकारक केला. बॉस्टनने २०१४ मध्ये १० लाख डॉलर बाजूला काढले आणि त्यातून कुठली कामं करायची हे १२ ते २५ वयाच्या मुलांच्या मतदानावर सोपवलं.

अर्थात ही नावं वाचून हुरळून जाऊ नये. समिती नेमणं सोपं आहे. नेमून तिला कोपऱ्यात बसवणं त्याहून सोपं. रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या सहभागाच्या नाहीतच, असं ते सांगतात: मुलांना वापरून घेणं, सजावटीला उभं करणं आणि नावापुरतं बसवणं. आपल्याकडची प्रभाग आरक्षणाची सोडत आठवा. चिठ्ठ्या काढायला शाळेतली मुलं बोलावतात. एखादी चौथीतली मुलगी गणवेशात, दोन वेण्या घालून, पारदर्शक बरणीत हात घालते, चिठ्ठी वर धरते, टाळ्या वाजतात. सोडतीवर सगळ्यांचा विश्वास बसावा म्हणून हे करतात आणि त्यात गैर काही नाही. पण पालिकेच्या सभागृहात लेकरांचा प्रवेश तेवढ्यापुरताच राहतो, ही मला खुपणारी गोष्ट आहे. त्या मुलीला तिच्या शाळेच्या स्वच्छतागृहाबद्दल तिथे कुणी काही विचारत नाही.

नावापुरती समिती आणि खरी समिती यांतला फरक ओळखायला मी एकच गोष्ट पाहीन. शिफारशीला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देणं पालिकेवर बंधनकारक आहे का? असेल तर नकारसुद्धा कामाचा ठरतो. ‘निधी नाही’ असं उत्तर आलं तर पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तरतूद मागता येते. ‘जागा आमच्या मालकीची नाही’ असं आलं तर जागा कुणाची ते कळतं आणि अर्ज योग्य दारात जातो. ‘धोरण नाही’ असं आलं तर धोरणाचा ठराव मागता येतो. उत्तरच आलं नाही तर मात्र मुलं दोन बैठकींनंतर येणं थांबवतात, आणि मग ‘आजच्या पोरांना रसच नाही’ असं म्हणायला सगळे मोकळे. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. सर्वसाधारण सभेच्या ठरावाने किंवा आयुक्तांच्या आदेशाने सल्लागार गट नेमता येतो. त्याच ठरावात उत्तराची मुदत लिहून घ्यावी. ३० दिवस ठीक होतील.

आता समितीत कोण, हा नाजूक प्रश्न. सरळ नेमणुका केल्या तर पक्षांच्या युवा आघाड्यांचे पदाधिकारी, नगरसेवकांचे पुतणे-भाचे आणि वक्तृत्व स्पर्धा जिंकणारी दोन-चार हुशार मुलं, एवढ्यावर यादी संपेल. त्यांना वगळावं असं माझं म्हणणं नाही. पण आयटीआयचा विद्यार्थी, मेसमध्ये पोळ्या लाटून बारावी करणारी मुलगी, उर्दू माध्यमातली मुलं, शाळा सुटलेला गॅरेजवरचा पोरगा, व्हीलचेअर वापरणारा तरुण हे सगळे या शहराला जास्त जवळून ओळखतात. म्हणून अर्ज मागवावेत, गट पाडावेत आणि प्रत्येक गटातून चिठ्ठी टाकून निवड करावी. सोडतीची सवय आपल्या पालिकांना आहेच. निम्म्या मुली असाव्यात. अठराखालच्यांसाठी पालकांची संमती घ्यावी. येण्या-जाण्याचा खर्च द्यावा, कारण रोजंदारीवरच्या पोराला संध्याकाळची बैठक म्हणजे बुडालेली मजुरी असते. हे शेवटचं फार जण विसरतात.

सल्ला कसा द्यायचा, हेही शिकावं लागतं. ‘शहरात अभ्यासिका हवी’ ही मागणी झाली, सल्ला नाही. सल्ला असा असतो: अमुक पालिका शाळा संध्याकाळी पाचला रिकामी होते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या साडेपाच ते रात्री दहा उघड्या ठेवा. बेंच आहेत. दोन पंखे दुरुस्त करावे लागतील आणि भिंतीला चार्जिंगचे बोर्ड लागतील. पाण्याचा जार रोज. शाळेच्या वॉचमनला जादा वेळेचे पैसे. मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली वॉचमनकडे न ठेवता खोलीतच खिळ्याला टांगलेली. एवढं लिहून दिलं की अधिकाऱ्याला खर्चाचा अंदाज काढता येतो आणि टाळायला जागा कमी उरते.

पोलीस भरतीचं उदाहरण याहून बोलकं आहे. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मराठवाड्यातल्या कुठल्याही शहराबाहेर पहाटे पाचला जा, हायवेच्या कडेने पोरं-पोरी धावताना दिसतील. शेजारून उसाचे ट्रॅक्टर आणि वाळूचे टिप्पर जातात, अंधारात मोबाईलची बॅटरी हातात धरलेली असते. हायवेवर का? कारण शहरातल्या मैदानाचं फाटक अजून उघडलेलं नसतं, किंवा उघडलं तर आत दिवा नसतो. इथे नवं क्रीडासंकुल लागत नाही. फाटक पहाटे साडेचारला उघडा, दोन कोपऱ्यांत दोन दिवे लावा, ८०० मीटरचं अंतर मोजून चुन्याची रेघ मारा, स्वच्छतागृह खुलं ठेवा. हे सुचायला आर्किटेक्ट लागत नाही, तिथे रोज धावणारी पोरगी लागते. आणि तीच सांगेल की दिवा फाटकाजवळ नको, मागच्या भिंतीशी हवा, कारण टवाळ पोरं तिथे बसतात. हे बारकावे कुठल्याही सर्वेक्षणाच्या फॉर्मात येत नाहीत. लेकरांचा जीव आणि एका चुन्याच्या रेघेचा खर्च यांची तुलना तरी कशी करायची?

वेळेचं गणितही महत्त्वाचं, आणि तिथे एक अडचण आहे. पालिकेचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. अंदाजपत्रक त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत मांडलं आणि मंजूर केलं जातं. नेमक्या त्याच काळात बारावी-दहावीच्या परीक्षा असतात, मागोमाग सीईटी आणि नीट. म्हणजे पैसा वाटला जातो तेव्हा तरुण पुस्तकात मान घालून बसलेले. त्यामुळे समितीचं मुख्य काम पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत उरकायला हवं: पाहणी, नोंदी, शिफारशी, आणि विभागांच्या मागण्या लेखा विभागाकडे जाण्याआधी आपला कागद त्यांच्या टेबलावर. पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातल्या कामांच्या सूचना मागवते, तीही अंदाजपत्रक तयार होण्याच्या कितीतरी आधी. मार्चमध्ये सुचवलेलं काम कितीही चांगलं असलं तरी त्याला तोवर पैसा उरलेला नसतो.

अंदाजपत्रक वाचताना नवख्याची आणखी एक फसगत होते. ‘युवक’ असा एकच मथळा शोधला तर तरुणांवरचा सगळा खर्च तिथे सापडणार नाही. मैदान क्रीडा विभागाकडे, बाग उद्यान अधीक्षकांकडे, दिवा विद्युत विभागाकडे, शाळेची खोली शिक्षण विभागाकडे, आणि इमारत दुरुस्ती बांधकामकडे. वरच्या अभ्यासिकेच्या उदाहरणात तीन विभाग गुंतले आहेत आणि तिघेही दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतात. म्हणून समितीला पालिकेत एक जबाबदार अधिकारी नेमून द्यावा लागतो, शक्यतो उपायुक्त दर्जाचा, ज्याला तिन्ही विभागप्रमुखांना एका टेबलाशी बोलावता येईल.

तुमच्या शहरात अशी समिती नसेल तर ती होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा सगळ्या नागरिकांना अधिकार देतो. त्यात मतदार असण्याची अट नाही, वयाचीही नाही. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करायचा, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांत, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. त्याआधी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये कागदपत्रं प्रत्यक्ष पाहता येतात, तसा राज्याचा २०१८ चा आदेश आहे. तीन-चार जणांनी मिळून जा. पहिल्या सोमवारी तीन कागद मागा: तुमच्या प्रभागातल्या पालिका शाळांची यादी आणि खोल्यांची संख्या, तुमच्या भागातल्या बंद दिव्यांच्या तक्रारींची नोंदवही, आणि पालिकेच्या मालकीच्या मैदानांची यादी, त्यांच्या उघडण्याच्या वेळांसह. वही-पेन सोबत ठेवा, तारीख टाका आणि जे पाहिलं त्याखाली सगळ्यांनी सह्या करा.